बघून कळवतो

बुकोबात सकाळी सरोवरावरचं धुकं वर चढू लागलं की गाव थोडा वेळ नाहीसं होतं. आधी बोटींचा धक्का जातो, मग बाजार, मग कॅथेड्रलचा घुमट. टेकडीवरच्या केळींचे शेंडे तेवढे वर राहतात, पाण्यावर तरंगल्यासारखे. कोकुतोनाला ही वेळ आवडायची. बाजारामागच्या गल्लीत, माडीवरच्या खोलीच्या खिडकीत ती चहाचा कप घेऊन उभी राहायची, आणि समोरच्या पांढऱ्यात तिला आपली घरं दिसायची. कागदावर काढलेली, कुणीच न बांधलेली. एखादं घर नीट जागेवर बसायचं, त्याचं छप्पर ओलं व्हायचं, खिडकी उघडायची. मग ऊन यायचं आणि तिथे पुन्हा कुणाचं तरी गवत आणि बांधलेली शेळी.

कोकुतोना आर्किटेक्ट होती. सरोवरापलीकडच्या म्वांझा शहरात, एका मोठ्या कचेरीत तिनं बरीच वर्षं दुसऱ्यांच्या नावाची कामं काढली, आणि एक दिवस सामान बांधून, बोटीत बसून ती आपल्या गावी परत आली. स्वतःची पाटी लावली. लोक आले, नाही असं नाही. कुणाला लॉज काढायचं होतं, कुणाला चर्चसाठी सभागृह, कुणाला मुलाच्या लग्नाआधी दोन खोल्या. ती ऐकून घ्यायची, जागा बघून यायची, रात्रंदिवस खपून कच्चा नकाशा करून द्यायची. ते कौतुकानं कागद गुंडाळून न्यायचे आणि जाताना म्हणायचे, "बघून कळवतो हं."

आणि कळवायचे नाहीत.

तिच्या खोलीत अर्धी जागा काटुंझीची होती. काटुंझी विम्याचा एजंट. पोट सुटलेला, टाय लावणारा, बडबड्या माणूस. भाडं दोघांत असल्यामुळे सल्ला देण्याचा हक्क आपल्याला आहेच असं तो धरून चालायचा.

"कुणाचा फोन?" त्या सकाळी आल्या आल्या त्यानं विचारलं.

"नाही."

"मग तू केलास?"

"नाही."

"म्हणजे तू फोनकडे बघतेस आणि तिकडे ते फोनकडे बघतात. छान. लग्न जमवायला बसलायत जणू दोघं."

"पुन्हा पुन्हा विचारायचं म्हणजे कसंतरीच वाटतं, काका. त्यांना हवं असेल तर सांगतील की."

"अगं, मला लांबून बघितलं की लोक रस्ता बदलतात. म्हणून मी दोन्ही रस्त्यांनी जातो!" काटुंझी स्वतःच खो खो हसला. मग टाय सैल करत खुर्चीत बसला आणि जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, "हे बघ पोरी. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायला माणसाची जीभ उचलत नाही. तो गप्प बसतो. खरंय. पण गप्प बसलेल्यांत काही हो म्हणणारेही असतात. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. दार वाजवल्याशिवाय तुला कसं कळणार?"

कोकुतोना समोरच्या कागदांकडे वळली. पण दुपारी ती खाली उतरली आणि भाड्याची मोटारसायकल चालवणाऱ्या बोडाबोडावाल्याला थांबवून त्याच्या मागे बसली. "कातोमाच्या रस्त्यानं," ती म्हणाली. "ता लुगांगिरांकडे."

ता लुगांगिरा हे तिच्याकडे आलेलं सगळ्यांत पहिलं गिऱ्हाईक. सगळं बंदर त्यांना आदरानं ‘ता’ म्हणायचं. उभा जन्म त्यांनी धक्क्यावरच्या बिनतारी यंत्राच्या खोलीत काढला होता. धुक्यात अडकलेल्या बोटींशी बोलायचं, त्यांना इकडे ये, तिकडे नको असं सांगायचं, हे त्यांचं काम. जुने खलाशी अजून सांगायचे, की समोर नाकाचा शेंडा दिसत नसला तरी ताचा आवाज कानात पडला की बोटीला धक्का सापडायचा. आता ते निवृत्त होते, बायको वारली होती, आणि भावाच्या केळीच्या बागेत मागल्या दोन खोल्यांत राहत होते. स्वतःची जागा मात्र होती, तिथून जवळच, थेट सरोवरावर उतरणाऱ्या टेकडीवर. तिथे घर हवं होतं.

कोकुतोनानं त्या घरावर जीव टाकला होता. तीनदा नकाशा करून पाठवला होता. पहिल्यावर काही उत्तर आलं नाही, तेव्हा तिला वाटलं खोल्या कमी पडल्या असतील. दुसऱ्यात वाढवल्या. तिसऱ्यात पुन्हा कमी केल्या आणि घर रंगवूनही दाखवलं, झाडांसकट. तिन्ही वेळा निरोप एकच, "छान आहे. बघून कळवतो."

म्हातारा अंगणात तिवईवर बसला होता. पाठ ताठ, चेहरा किंचित तिरका, कान पुढे केल्यासारखा.

"शिकामो, ता," तिनं वाकून नमस्कार केला.

"मरहबा, मरहबा. कोकू ना? ये. पायात नवे जोडे दिसतात."

जोडे खरंच नवे होते. ती हसली. त्यांनी शेजारची टोपली अचूक उचलून तिच्यापुढे धरली. तिनं उकडून वाळवलेल्या कॉफीच्या दोन बिया घेऊन तोंडात टाकल्या. घरात आलेल्या माणसाला त्या दिल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही.

"मी आपलं सहज आले होते," ती म्हणाली, आणि स्वतःवरच चिडली. सहज नव्हतीच ती आली. "म्हणजे, नकाशाचं विचारायला आले होते."

"नकाशा! अगं, भिंतीवर लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. आत जाऊन बघ."

ती आत गेली. भिंतीवर चार खिळे ठोकून एक भला मोठा कागद लावलेला होता. पांढरा. नुसता पांढरा. तिचं घर भिंतीकडे तोंड करून होतं आणि खोलीकडे कागदाची कोरी पाठ.

कोकुतोना त्या कोऱ्या कागदापुढे किती तरी वेळ उभी राहिली. तिला तो सकाळचं धुकं वाटला. नकळत ती त्याच्यात आपलं घर शोधू लागली. मागे चुलीपाशी तांची भावजय जोविता केळी सोलत होती. तिनं एकदा वर बघितलं, कागदाकडे, मग कोकुतोनाकडे, आणि पुन्हा मान खाली घातली. जोविताला माहीत होतं. कोण जाणे केव्हापासून.

कोकुतोना बाहेर आली. तीन वेळा तिनं या माणसाला कागद पाठवले होते, आणि तीन वेळा मनातल्या मनात त्याला मोडता घालणारा, चिकट, भाव न देणारा म्हातारा ठरवलं होतं.

"छान लावलाय," ती म्हणाली.

"मग!"

"ता, तुम्हांला त्यातली कुठली खोली जास्त आवडली?"

म्हाताऱ्याचा हात मांडीवर हळूच पुढे-मागे सरकत राहिला, यंत्राची कळ फिरवल्यासारखा.

"तूच सांग की," तो शेवटी म्हणाला. "केलंयस तू. तूच मला घरातून हिंडवून आण."

मग ती त्याच्या पायाशी बसली आणि तिनं घर सांगायला सुरुवात केली. रस्ता सोडून आत वळलं की पायाखाली खडी लागते. चार पावलं उतार. मग सपाटी, तिथे डाव्या हाताला फणस. दार ढकललं की आतला गारवा अंगावर येतो. उजवीकडे स्वयंपाकघर, तिथून आल्याच्या चहाचा वास. समोर चालत गेलं की आवाज बदलतो, छप्पर उंच होतं. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. मधेच म्हणायचा, "थांब, घाई नको, अजून मी दारातच आहे." केळीच्या बागेत पानं एकमेकांवर घासत होती. संध्याकाळ झाली तेव्हा दोघं व्हरांड्यात पोचले होते.

"उद्या ये," तो म्हणाला. "आज दमलो. मोठं आहे घर."

ती दुसऱ्या दिवशी गेली, आणि त्यानंतरही. काटुंझी भुवया उंचावायचा, "काम मिळालं?" ती म्हणायची, "अजून नाही." "मग रोज काय करतेस तिथे?" याला काय सांगावं हे तिला कळायचं नाही. आम्ही घरात असतो, असं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, पोरगी कामातून गेली.

एके सकाळी तिनं केळीच्या सोपटांच्या दोऱ्यांची गुंडाळी आणि खुंट्यांचा भारा बोडाबोडावर बांधला आणि ता लुगांगिरांना घेऊन टेकडीवर गेली. गवत ओलं होतं. खाली सरोवर होतं, पण दिसत नव्हतं, नुसतं श्वास घेत होतं. तिनं खुंट्या ठोकल्या, घोट्याएवढ्या उंचीवर दोऱ्या ताणल्या, दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या. मग म्हाताऱ्याला जोडे काढायला लावले.

"हे दार," ती म्हणाली. "या."

तो आत आला. पावलानं दोरी चाचपत एका भिंतीनं गेला, कोपऱ्यात थांबला, वळला. एकदा, दोनदा, पुन्हा. हळूहळू त्याचा पाय दोरी शोधेनासा झाला. मग त्यानं हातातली काठी टाकून दिली.

"कधी कळलं तुला?" पाठमोऱ्यानंच त्यानं विचारलं.

"कागद उलटा होता, ता."

"हं. जोविता काही बोलली नाही कधी." तो जरासा हसला. "आयुष्यभर दुसऱ्यांना धुक्यातून बाहेर काढलं, कोकू. आता कुणाला कसं सांगू, की मीच आत आहे? दोमितिलाला कळलं तर ती मला म्वांझाला नेऊन ठेवेल. चौथ्या मजल्यावर. तिथे सरोवर ऐकूसुद्धा येत नाही."

दोमितिला त्याची मुलगी. त्याला हात देऊन कोकुतोनानं निजायच्या खोलीत नेलं आणि दोघं गवतावर बसली.

"ही भिंत काढ," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"ही? हिच्याशिवाय बैठक कुठे आणि खोली कुठे?"

"हिच्यामुळे पाणी ऐकू येत नाहीये."

"ता, ती दोरी आहे."

"आत्ता दोरी आहे. उद्या वीट होईल. काढ."

तिनं दोरी सोडली. आणि काय सांगावं, दोरी सुटताच सरोवर खरंच जवळ आल्यासारखं तिलाही वाटलं. रोज असं एकेक होत गेलं. वारा कुठून येतो ते त्याच्या गालाला कळायचं, त्याप्रमाणे खिडकी सरकायची. पाहुण्यांची खोली गेली. दुसरी न्हाणी गेली. घर आक्रसत गेलं आणि व्हरांडा वाढत गेला. तिच्या सुंदर, रंगवलेल्या नकाशातलं फारसं काही उरलं नाही. याचं तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला फक्त एवढंच आठवायचं, की म्वांझाच्या कचेरीत कुणाच्याच घरात ती कधी अशी नुसती बसली नव्हती.

मग दोमितिलाचा फोन आला.

"तुम्हीच का त्या आर्किटेक्टबाई? माझ्या बाबांच्या मागे का लागलाय तुम्ही?" आवाज धारदार होता. "रोज येता म्हणे. म्हाताऱ्या माणसाला गोड बोलून घर गळ्यात मारायचं, हाच धंदा का तुमचा?"

कोकुतोनाचे कान तापले. जी गोष्ट ऐकायला लागू नये म्हणून ती इतके दिवस कुणाला फोन करत नव्हती, तीच नेमकी ऐकायला लागली होती. तिला एका वाक्यात सुटता आलं असतं. तुमच्या वडिलांना दिसत नाही, एवढं म्हटलं की झालं. मग घर गेलं असतं, पण तिच्यावरचा आळही गेला असता.

"मी मागे लागलेय हे खरं आहे," ती म्हणाली. "गळ्यात काही मारत नाहीये. ताई, तुम्ही एकदा येऊन बघा. बाकीचं त्यांनी बोलायचं आहे, मी नाही."

तिनं फोन ठेवला आणि पाहिलं, तर काटुंझी तोंडात पेन धरून तिच्याकडे बघत होता.

"ओरडली?"

"ओरडली."

"जिवंत आहेस?"

तिनं विचार केला. "आहे की," ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं.

दोमितिला आली ती सकाळच्या बोटीनं. घरी तिला वडील सापडले नाहीत. जोवितानं हातानंच टेकडीकडे दाखवलं. त्या दिवशी धुकं असं दाट होतं, की पायवाटेवर दोन हातांपुढचं काही दिसत नव्हतं. कोकुतोना आणि ता लुगांगिरा तेव्हा व्हरांड्यात बसले होते, म्हणजे गवतावर. पावलं ऐकू आली तसा म्हातारा ताठ झाला.

"दोमितिला," तो पुटपुटला. "रागात आहे. टाचा आपटतेय बघ."

"बाबा!" पांढऱ्यातून हाक आली. "कुठे आहात तुम्ही? या अशा हवेत—" आणि पुढे धप्पकन आवाज. दोरीत पाय अडकून ती पालथी पडली होती.

"भिंतीतून काय येतेस?" ता लुगांगिरा म्हणाले. "दार इकडे आहे."

ते उठले आणि चालू लागले. व्हरांड्यातून आत, बैठकीतून वळून, स्वयंपाकघराच्या कडेनं, एकाही दोरीला धक्का न लावता. धुक्यात त्यांचा सदरा पुसट झाला, नाहीसा झाला, आणि त्यांचा आवाज तेवढा येत राहिला. सावकाश, शांत, घाई नसलेला. एकेकाळी बोटींनी ऐकलेला असावा तसा. "सरळ ये. थांब. आता डावीकडे. अजून एक पाऊल. हां, हा उंबरा, पण उंबरा ठेवला नाहीये आपण, पाय अडकतो म्हणून. ये."

कोकुतोना जागची हलली नाही. तिला दोघांच्या आकृत्या धुक्यातून येताना दिसल्या. पुढे बाप, त्याच्या बोटाला धरून मुलगी, गुडघ्याला चिखल लागलेली. त्यांनी तिला व्हरांड्यात बसवलं.

"बाबा, इथे तर काहीच दिसत नाहीये," दोमितिला म्हणाली.

"मलाही," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले."

त्यानंतर जे बोलणं झालं ते कोकुतोनानं ऐकलं नाही. ती उठून फणसापाशी जाऊन उभी राहिली. मधेच रडण्याचा आवाज आला, मधेच भांडणाचा. "मला का नाही सांगितलं?" हे बऱ्याचदा आलं. धुकं विरळ होऊ लागलं, खाली पाणी चमकलं, मुसिरा बेटाचा उघडा खडक वर आला. तेव्हा ता लुगांगिरांनी हाक मारली.

"कोकू! काम तुझं. सही कुठे करायची ते सांग, आणि बोट धरून तिथे ने."

घर पुढल्या कोरड्या हंगामात बांधून झालं. एक खोली, एक चूल, आणि सरोवराकडे तोंड केलेला भला रुंद व्हरांडा. कठड्याजवळ खरखरीत दगड घातला, आत गुळगुळीत फरशी, म्हणजे पायाला आपण कुठे आहोत ते कळावं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की उजेड-अंधार कळण्यापुरती उरलेली नजर टिकेल, गेलेली परत यायची नाही. दोमितिला एकदा म्हणाली होती म्वांझाला चला. पुन्हा म्हणाली नाही. जोविता दोन वेळा जेवण आणून द्यायची आणि तिथेच रेंगाळायची. बंदरातले जुने खलाशी येऊन बसू लागले.

गृहप्रवेशाला चुलीवर केळी आणि घेवडा रटरटत होता, भाजलेल्या मासळीचा वास टेकडीभर पसरला होता. काटुंझी टाय लावून आला होता आणि खलाशांना एकेक करून कोपऱ्यात घेत होता. कोकुतोना फाटकापाशी उभी असताना दोमितिला तिच्याजवळ आली.

"त्या दिवशी मी फोनवर फार बोलले," ती म्हणाली.

"बोललात खऱ्या."

"तुम्ही राग धरला असता तरी चाललं असतं." तिनं पदराशी चाळा केल्यासारखा आपल्या कमरेला नेसलेल्या कितेंगेचा काठ बोटाला गुंडाळला. "माझी एक जागा आहे तिकडे, म्वांझाला. खडकाळ आहे. नवऱ्याशी बोलते, आणि बघून..."

ती मधेच थांबली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि फिस्सकन हसल्या.

"मी फोन करते," कोकुतोना म्हणाली. "पुढच्या आठवड्यात. नाही उचललात तर परत करेन. नको असेल तर तोंडावर सांगायचं, ताई. मला चालेल."

"आणि हवं असेल पण सुचत नसेल काही, तर?"

"तर मी येऊन बसेन."

दोमितिला आत गेली. दुपार कलली होती. कोकुतोना व्हरांड्याच्या टोकाला जाऊन खरखरीत दगडावर पाय सोडून बसली. मागे खलाशी एकाच वेळी बोलत होते, कुणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती, आणि ते सगळं हळूहळू लांब जात चाललं. खाली लाटा किनाऱ्याला लागत होत्या आणि परत फिरत होत्या. तिनं डोळे मिटले. कुणीतरी तिच्या हातात चहाचा पेला ठेवला आणि निघून गेलं. पेला गरम होता.